मणेरीण चाचीचं खातं

बारामतीच्या पेठेत बायका बांगड्या भरायला चाचीपुढं बसायच्या आणि नाव न सांगताच हात पुढे करायच्या. चाची तो हात क्षणभर आपल्या तळव्यात धरायची आणि म्हणायची, "सोनाराची धाकटी सून व्हय? बाळंतपणानं हात भरलाय गं तुझा. औंदा एक माप वाढीव घे." लहानपणी देवी आल्या, त्यात तिचे दोन्ही डोळे गेले. पण मणेराच्या घरातली लेक, बांगड्यांची मापं ती बोटांनीच शिकली. हात ताठ धरणाऱ्या पोरींना सांगायची, "सैल सोड, राजा. बांगडीला घाई चालत न्हाय." तिच्या हातून काच क्वचितच वाढली, म्हणजे फुटली.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. मी गावातल्या एका लहानशा सहकारी पतपेढीत कारकून होतो. एका बाजारच्या दिवशी चाची काठी टेकत आत आली आणि म्हणाली, "माझ्या नावानं खातं काढा." नवरा वारलेला, मूलबाळ नाही, ती पुतण्याच्या घरी राहायची. कमाई चुलीमागं पुरलेल्या डब्यात ठेवायची आणि हल्ली तो डबा हलका लागू लागला होता. तिनं कुणावर आळ घेतला नाही. एवढंच म्हणाली, "डब्याला कुलूप न्हाय, आन् मला डोळं न्हाईत."

आमचे चिटणीस तात्या सज्जन, पण कागदाला फार भिणारे. ते म्हणाले, "चाची, पुतण्याच्या नावानं ठेवा. पैसे तुमचे आहेत हे आम्ही ध्यानात ठेवू."

"तुमी ध्यानात ठेवाल. पण खातं त्याचं हुईल."

"अहो, उद्या कुणी म्हणालं, आंधळ्या बाईचा भलत्याच कागदावर अंगठा घेतला, तर जबाब कुणी द्यायचा?"

चाचीनं जायला काठी उचलली. मग म्हणाली, "म्हंजी भ्या तुमाला, आन् दंड मला?"

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी ती पेढीच्या पायरीवर बांगड्यांची पाटी घेऊन बसू लागली. आत आवाज द्यायची, "तात्या, झालं का माझं?" आणि पुढच्या बाईचा हात हातात घ्यायची. पायरीवर बायकांची ही गर्दी! सभासदांना अंग चोरून आत यावं लागे. एकदा खुद्द तात्यांच्या पत्नी आल्या, हातभर हिरव्या बांगड्या भरून घेतल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "चाचींचं काम अजून झालेलं दिसत नाही." त्याच आठवड्यात तात्यांनी विषय पेढीच्या पंचांपुढे ठेवला.

सभेत चाचीलाही बोलावलं. एका पंचानं विचारलं, "कारकून अर्ज वाचून दाखवील. पण त्यानं खरं वाचलं, हे तुला कसं कळणार?"

"दोघांकडनं वाचून घीन," चाची म्हणाली. "एकानं वाचलं की त्याला भाईर धाडायचं, मग दुसऱ्याला बोलवायचं. दोघांचं जुळलं तर अंगठा. न्हाय जुळलं तर न्हाय."

पंचांनी ते उलटसुलट तपासून पाहिलं. कुणालाच खोट काढता येईना. ठराव झाला.

अर्ज मीच लिहिला. लिहिता लिहिता वारसाच्या रकान्यात पुतण्याचं नाव घालून टाकलं. तिला विचारायचं सुचलंच नाही. वाचून दाखवतानाही तो रकाना घाईघाईत वाचायचा राहून गेला. मी बाहेर आलो आणि गुळाचे एक अडते दुसऱ्यांदा वाचायला आत गेले. थोड्याच वेळात मला हाक आली.

"दादा, वारसाचं हे नाव तुमाला कुणी सांगितलं?"

"जवळचा तोच ना, म्हणून..."

"माझी भाची हाय सणसरला, हमीदा. मी तापानं पडले तवा म्हयनाभर तिनं माझं केलं. तिचं नाव घाला."

माझे कान तापले. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "तुमी वाईट न्हाय, दादा. पण माझ्यासाठी तुमी ठरवू नगा. इचारा की. मला तोंड हाय."

मी दुसरा अर्ज लिहिला. तो दोनदा वाचला गेला, अंगठा उठला आणि खातेपुस्तक चाचीच्या हातात आलं. ते चाचपून ती खुदकन हसली. "एवढंसंच? माझा डबा किती जड हुता!"

पुढे मला इंदापूरच्या एका पेढीत जागा मिळाली. निघण्याआधी चाचीनं माझ्या बायकोला बोलावून घेतलं, दोन्ही हात भरले आणि पैसे घेतले नाहीत. "तिकडं मणेर हाईत," ती म्हणाली, "पण हिच्या हाताचं माप त्यास्नी कळंस्तवर चार काचा वाढतील." दोन वर्षांनी हमीदाचा निरोप आला की थंडीत चाची गेली. ठेव हमीदाला विनातक्रार मिळाली. त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी इंदापूरच्या पेढीत एक तरुण आपल्या आंधळ्या वडिलांना घेऊन आला. मेंढरं विकून आले होते. म्हाताऱ्याला भिंतीशी उभं करून तो माझ्याकडे आला. "आबांचं पैसं हाईत. माझ्या नावानं टाका."

मी उठलो, म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "आबा, कुणाच्या नावानं ठेवायचे?"

"त्यास्नी काय कळतंय? मी सांगतो की," मुलगा म्हणाला.

"तुम्ही जरा थांबा," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं मान इकडंतिकडं फिरवली. "मला इचारताय व्हय?"

"हो आबा, तुम्हालाच."

त्यानं डोक्यावरचा पटका नीट केला, घसा खाकरला आणि तो बोलू लागला.