फुलपाखरू उद्यानाचे पाहुणे

सेलूच्या आमच्या कॉलेजात फुलपाखरू उद्यान झालं, तेव्हा मी तिथे प्राणीशास्त्र शिकवत होतो. निलवंत फुलपाखरू लिंबाच्या पानांवर अंडी घालतं, म्हणून मी लिंबाची रोपं लावून घेतली. छान अळ्या धरल्या. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी त्यांच्यावर फवारणी करून टाकली. वर मलाच विचारतात, "पाहुण्यायला किडे दाखवायचे का ओ सर?"

सकाळचे पाहुणे दिवेलागणीला उगवले. हॅलोजन लावताच दुधना नदीकडून एकदिवशी किड्यांचा थवा आला. हे किडे पाण्यात वाढतात आणि पंख फुटल्यावर जेमतेम दिवसभर जगतात; पण बसताना फुलपाखरासारखेच पंख मिटून उभे धरतात. पाहुणे हरखले. "लय फुलपाखरं पाळलीत की तुमी!" टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी शाल-नारळ घेतला, वर वाकून नमस्कारही केला.

भाषण संपायच्या आत सगळे जेवणाच्या मांडवाकडे धावले. निलवंताला निदान फुलातला मध तरी लागतो. एकदिवशी किड्याला पंख फुटले की खायला तोंडच उरत नाही. अख्ख्या कार्यक्रमात जेवणावर डोळा न ठेवता आलेले तेवढेच, आणि सकाळी झाडून टाकले तेही तेवढेच.