गौहर सिस्टरांनी टाकून दिलेला प्रश्न

नगरच्या एका लहानशा हॉस्पिटलात गौहर सिस्टरांची वीस वर्षं गेली, आणि एवढ्या काळात एका प्रश्नावर त्यांनी कायमची फुली मारली होती. ऑपरेशनच्या दिवशी पेशंटला ‘काही खाल्लंय का?’ असं त्या विचारत नसत. पूर्वी विचारत. कारभारी नावाच्या पेशंटने तेव्हा ‘नाही’ म्हणून मान हलवली, आणि भूल देताना त्याच्या पोटातलं वर येऊन छातीत गेलं. माणूस वाचला, पण आठ दिवस सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून त्या म्हणत, “उठल्यापासून काय काय केलं ते सांगा.” शिवाय आदल्या संध्याकाळी दिलेल्या सूचना पेशंटकडूनच पुन्हा वदवून घेत.

रतनबाईंकडून मात्र आदल्या संध्याकाळी तेवढं वदवून घ्यायचं राहून गेलं. कर्जतकडच्या या बाई पित्ताशयातल्या खड्यांनी दोन महिने बेजार होत्या. वॉर्ड भरलेला, बाई प्रत्येक वाक्याला ‘व्हय, व्हय’ करत होत्या, आणि सिस्टर पुढच्या खाटेकडे वळल्या.

सकाळी नऊचं ऑपरेशन होतं. साडेआठला सिस्टर खाटेशी आल्या.

“मावशी, उठल्यापासून काय काय केलंत?”

“पाचला उठले. मिश्री लावली, त्वांड धुतलं. मंग ह्यांनी च्या आनला.”

“दुधाचा?”

“बिनदुदाचा कुटं ग्वाड लागतो? पन खाल्लं कायबी न्हाई. कडकडीत उपाशी हाय.”

शेजारी उभा असलेला त्यांचा नवरा सहादेव चपापला. “मीच आनला, सिस्टर. रिकाम्या पोटी टेबलावर न्यायची म्हंजी जिवाला बरं वाटंना. आता घरी धाडत्याल का?”

सिस्टरांच्या लक्षात आलं, दोघंही खोटं बोलत नव्हते. त्यांच्या घरात चहाला खाण्यात कुणी धरतच नाही, आणि हे वीस वर्षांनंतर आपल्याला माहीत नसावं? राग आला तो स्वतःचा. त्या तडक भुलेच्या डॉक्टर दिपाली मॅडमकडे गेल्या.

“मॅडम, पेशंटनं पाचला दुधाचा चहा घेतलाय. काल सांगितलेलं समजलं का, हे मी तपासलं नाही. चूक माझी.”

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. “आत्ताच कळलं ते बरं झालं. बारानंतर घेऊ.”

सिस्टर परत येऊन स्टूल ओढून बसल्या. पोटात चहा असला तर भुलेत काय होतं, हे त्यांनी दोघांना सावकाश सांगितलं आणि दोघांकडून वदवूनही घेतलं. सहादेवचं सांगताना दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं.

दोनच्या सुमाराला मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, सगळं नीट झालं. सहादेव मटकन बाकावर बसला. सिस्टरांचाही जीव भांड्यात पडला, आणि मगच त्यांना आठवलं की सकाळपासून आपल्याच पोटात काही गेलेलं नाही.

संध्याकाळी सहादेव एकच कप घेऊन आला. “तुमच्यासाटी हाय. हिला तुमी सांगस्तवर न्हाई.”

खाटेवरून रतनबाईंचा बारीक आवाज आला. “शिस्टर, आन् मिश्री? ती बी खान्यात धरायची का?”

“धरायची, मावशी. आणि जखम भरेपर्यंत लावायचीच नाही.”

रतनबाईंनी जरा विचार केला. मग उशीखालची मिश्रीची डबी काढून सिस्टरांच्या हातावर ठेवली.