कडीला अडकवलेली सीताफळं

बाजारात पिकल्या सीताफळांचा वास आला, की मी अजून महागावच्या त्या बंद दारामागे जाऊन उभी राहते.

लेक चार महिन्यांची होती. दोन तास रडून नुकतीच खांद्यावर झोपली होती, तेवढ्यात कडी वाजली.

"आहेस काय वं घरात? काहून बोलत नाहीस?"

माझी मैत्रीण शालू. उमरखेडहून एसटीनं मला भेटायला आलेली.

ओ दिली असती तर पोर उठली असती. मी श्वास रोखून गप्प राहिले. बाहेर काढलेली माझी चप्पल तिला दिसलीच असणार. कडीला सीताफळांची पिशवी अडकवून ती हळूच म्हणाली, "जातो वं मी."

आता लेक होस्टेलला आहे, रिकामं घर खायला उठतं. कडी काही वाजत नाही.

निघताना आमच्याकडे 'येतो' म्हणतात. शालू ते कधीच चुकली नव्हती.