शहापूरची निळी, मुरबाडची निळी

कार्तिकातल्या एका सकाळी शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाणारी एस.टी. पकडली. पिशवीत भिंग, मच्छरदाणीचा तुकडा आणि पाण्याची बाटली. डोक्यात राग.

राग एका शहरी तज्ज्ञांवर होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या तालुक्यात व्याख्यानाला आले तेव्हा त्यांनी काचेच्या दोन चौकटी दाखवल्या. दोन्हींत नखाएवढी निळी फुलपाखरं. मुरबाडच्यांच्या पंखाखाली ठळक काळे ठिपके, शहापूरच्यांच्या पुसट. म्हणून या दोन वेगळ्या जाती, असं त्यांचं म्हणणं. मी उभा राहिलो. "सर, मुरबाडची तुम्ही श्रावणात धरलीत, आमच्याकडची चैत्रात. फरक गावाचा नाही, ऋतूचा आहे."

"आधी नीट शिका," ते हसून म्हणाले.

मी बी.एस्सी. होतो, आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला. आणखी किती नीट शिकायचं?

बसमध्ये शेजारच्या काकांनी पिशवीत डोकावलं. "मच्छरदाणी कशाला रे? सासुरवाडीला मच्छर हायेत?"

"फुलपाखरू धरायचंय."

"नोकरी नाय लागली ना?"

"नाय."

"मंग बरोबर."

मुरबाडच्या अलीकडे उतरलो आणि कपाळाला हात लावला. या निळीच्या अळ्या बांधावरची आंबुशी (तीन पानांची आंबट रोपटी) खाऊन वाढतात. पण भातकापणी उरकताच इथे गुरं मोकळी सोडतात, हे मी शेतकऱ्याचा पोरगा असून विसरलो होतो. बांध चाटूनपुसून साफ. दुपारपर्यंत वणवण केली, धसकटं टोचून घेतली, चपलेचा अंगठा तुटला. मुरबाडची मादी नेऊन शहापूरला थंडीत तिची प्रजा वाढवून दाखवायची होती; रिकाम्या हाताने परतलो असतो तर त्या चौकटीच खऱ्या ठरल्या असत्या.

एका पाड्यावर कारवीच्या कुडामागे, न्हाणीच्या पाण्यावर मिरच्या लावलेल्या दिसल्या. गुरांना तिथे वाव नव्हता. एक बाई खुरप्याने तण काढत होती.

"मावशी, ती आंबुशी उपटू नका!"

"का रं? मिरच्या माझ्या, तण माझं."

"तिच्यावर फुलपाखरं बसलीत."

"मंग त्यांना सांग ना उठाय."

मी चिखलात पालथा पडलो. शेपटीला शेपटी जोडून एक जोडी बसली होती. वरून तपकिरी ती मादी. तिच्या पंखाखालचे ठिपके काजळ घातल्यासारखे. नर चंदेरी निळा. त्याचे धुऊन गेल्यासारखे पुसट. तज्ज्ञांच्या दोन जाती एकाच पानावर.

"काय चाललंय त्यांचं?"

"लगीन."

"अगं बाय! मंग थांबते." तिने खुरपं खाली ठेवलं. "तू पाव्हणा कुणाकडचा, पोराकडचा का पोरीकडचा?"

जोडी सुटेस्तोवर तिने मला तांदळाची भाकर आणि सुकटीची चटणी दिली. मग मादी जाळीत आली. मातीसकट आंबुशी तिने स्वतःच डालड्याच्या डब्यात लावून दिली.

"आमची लेक नेतोस. नीट नांदव."

शहापूरला मादीने त्याच पानांवर अंडी घातली आणि मेली. तिला काडेपेटीत जपून ठेवलं. थंडीत अळ्या झाल्या, कोष झाले. फुलपाखरं बाहेर आली ती झाडून सगळी पुसट ठिपक्यांची.

डबा आणि काडेपेटी घेऊन मी तज्ज्ञांच्या पुढच्या व्याख्यानाला गेलो.

"ही शहापूरचीच आहेत," ते म्हणाले.

"जन्म शहापूरचा. आई मुरबाडची." मी काडेपेटी उघडली.

त्यांनी काडेपेटी मिटून परत दिली. "एका डब्यावरून जात ठरत नाही."

"मग श्रावणात आमच्याकडे या. आमच्याच बांधावर ठळक ठिपके दाखवतो. नाही दिसले तर पदवी परत करीन."

ते आले नाहीत. श्रावण आला, बांधाबांधावर निळ्या उडाल्या, आणि एकीचेही ठिपके पुसट नव्हते. दोन तालुक्यांमधलं अंतर एका एस.टी.चं आहे. एकाच ऋतूत तेवढं न कापता ज्यांनी दोन जाती केल्या, त्यांच्याकडून नीट शिकायला मी अजून गेलेलो नाही.