हं… वाच

काकीचा फोन आला तेव्हा मी गावाकडे, चोरखमारा तलावाच्या कालव्याखालच्या आमच्या बांधीत, धानाचे भारे बांधत होते. "पोरी, तुझे काकाजी उठूनच नाही राहिले वं," एवढंच ती म्हणाली. मागे कोणीतरी हिंदीत डॉक्टरला लवकर यायला सांगत होतं. आदल्या दुपारीच मी काकाजींशी तासभर बोलले होते. बोलले म्हणजे, मी वाचत होते आणि ते 'हं' म्हणत होते…

हिरालाल काकाजी माझे नात्याने कोणी नव्हते. कॉलेजसाठी गोंदियाला आले तेव्हा शहरालगतच्या मुर्रीत त्यांच्या आणि काकीच्या घरची मागची खोली मी भाड्याने घेतली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बी.एस्सी. झाल्यावर बरोबरीच्या मुली पुण्याच्या गोष्टी करायला लागल्या. मी अंगणात गप्प बसले होते, तेव्हा काकाजी म्हणाले, "पुण्याले जायचं तं जा. नाहीतर बस इथंच, एक म्हातारं काम शिकवतो. कोणी शिकून नाही राहिलं ते." नऊ वर्षं झाली त्याला. माझ्या धाकट्या भावाचं शिक्षण, गावाकडचं पक्कं घर, सगळं त्या म्हाताऱ्या कामातून झालं.

काकाजींनी उभी हयात मुंबईत मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या जुन्या अवाढव्य संगणकांवर काढली. निवृत्त होऊन मुर्रीला परतले, तरी त्यांची संस्था त्यांना सोडेना, कारण तिथला लिंकर आता फक्त यांनाच कळत होता. अशा यंत्रावरचा प्रोग्राम एकसंध नसतो. त्याचे शेकडो तुकडे वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या काळात लिहिलेले असतात; काही लिहिणारे आज हयातही नाहीत. लिंकर त्या तुकड्यांना ओळीने बसवतो, प्रत्येकाला पत्ता देतो, आणि एकाने दुसऱ्याला हाक मारली तर ती बरोबर घरी पोचेल असं बघतो. खालचं यंत्र नवं आलं की लिंकरलाही थोडं बदलावं लागतं. ते बदल आम्ही मुर्रीच्या त्या पुढच्या खोलीत बसून करायचो. मला हे पहिल्यांदा कळेना तेव्हा काकाजी म्हणाले होते, "लगनात पंगत बसवणारा माणूस असते ना, तोच हा. जेवण चांगलं झालं तं त्याचं नाव कोणी घेत नाही. पण दोघं एका पत्रावळीवर बसले, का पहिले त्यालेच शिव्या."

त्यांची तपासणीची रीत वेगळी होती. लिंकरमध्ये काही बदललं की तो सगळी पंगत कशी बसवली त्याची यादी काढायचा: तुकड्याचं नाव, सुरुवातीचा पत्ता, लांबी. मी एकेक ओळ मोठ्याने वाचायची. काकाजी सुरुवात आणि लांबी यांची बेरीज मनात करायचे, तीही दहाच्या नाही, यंत्राच्या सोळाच्या हिशेबातली, आणि पुढचा तुकडा त्या जागेच्या आत घुसलेला नाही ना ते बघून आपल्या कागदावर पेन्सिलची खूण करायचे. मग 'हं'. हे तपासायला मी एकदा छोटा प्रोग्रामच लिहिला. ते हसले. "तो कोणी लिवला? तूच ना? मंग तुझी चूक तो पुन्हा करन." चूक सापडली तरी ते कधी 'चुकलं' म्हणायचे नाहीत. फक्त 'हं' यायचा नाही. त्या शांततेत मीच ओळ पुन्हा बघायची. शांतता म्हणजे चूक, याला अपवाद एकच. बिरसीच्या वैमानिक-शाळेतली शिकाऊ विमानं घरावरून घिरट्या घालत, तेव्हा ते हात वर करायचे आणि आवाज जाईपर्यंत आम्ही दोघंही थांबायचो.

त्या शेवटच्या दुपारी यादी माझ्याही हातात होती, त्यांच्याही. कापणीसाठी मी गावाला आलेली, म्हणून वाचन फोनवर. पुढच्या आठवड्यात मुंबईच्या यंत्रावर नवा लिंकर चढवायचा होता, आणि त्याच्यावर हजारो म्हाताऱ्यांचं निवृत्तिवेतन चालायचं. तिसऱ्या पानावर फोनमधून विमानाचा आवाज आला आणि काकाजी थांबले. मीही थांबले. आवाज विरला. तरी 'हं' नाही. मी विचारलं, "गेलं का विमान, काकाजी?" थोडा वेळ काहीच नाही… मग, "हं… वाच." मी वाचत गेले, ते 'हं' म्हणत गेले. शेवटी म्हणाले, "आभाळ आलं असन तिकडं. धान भिजू देऊ नको."

तेरवी झाली. संस्थेने लिंकरची तारीख पुढे ढकलली. मला मात्र ती शांतता सोडेना. जेवताना, अंघोळ करताना ती कानात उभी राहायची. विमान गेल्यावरही ते गप्प होते. म्हणजे ओळीत चूक होती? आणि मी मधेच विमानाचं विचारलं म्हणून ती सांगायची राहून गेली? शेवटी मी काकीकडून त्यांचा कागद मागून घेतला. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलची बारीक खूण होती. तिसऱ्या पानावर एका ओळीपुढे मात्र खूण नव्हती, नुसता ठिपका… पेन्सिल इतकी दाबलेली, की कागदाला भोक पडलेलं.

दोन दिवस मी ती ओळ तपासली. बोटांवर बेरीज केली, कागदावर केली. ओळ बरोबर होती.

"काय पाहून राहिली वं त्या कागदात?" काकीने विचारलं. मी सांगितलं. तिने त्या भोकावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्या दुपारी मी इथंच तांदूळ निवडून राहिली होती. त्यायनं छाती धरली. मी उठली, तं मले बोट दाखवलं, चूप. म्हणे, पोरगी वाचून राहिली." आणि, जणू मला नाहीच विचारत अशी, "मी काऊन चूप बसली वं?"

मीही ओळच वाचत बसले होते.

मग मी त्या ठिपक्याच्या खाली बघायला लागले. तिथून पुढच्या खुणा वाकड्या होत्या. ठिपक्यापासून अकराव्या ओळीत एका तुकड्याची शेपटी पुढच्याच्या जागेत शिरली होती. दोघं एका पत्रावळीवर. चूक माझीच होती, लांबी मोजायच्या माझ्या नव्या रीतीतली. आणि तिच्यापुढे काकाजींची खूण होती. तिथे त्यांनी 'हं' म्हटलं होतं. नऊ वर्षांत त्यांच्या हातून एकही ओळ निसटली नव्हती. त्यांना किती दुखत होतं, हे मला त्या खुणेवरून कळलं.

चूक मी दुरुस्त केली. नवा लिंकर चढला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. पंगत नीट बसली की येत नाहीच.

आता मी मुर्रीच्या त्याच खोलीत काम करते. यादी अजून मोठ्याने वाचते, समोर त्यांची खुर्ची. पहिल्या दिवशी दहा ओळींपुढे जाता आलं नाही. प्रत्येक ओळीनंतर शांतता, आणि सवयीने प्रत्येक ओळ चुकलेली वाटायची. दुसऱ्या दिवशी मी अशीच थांबले असताना स्वयंपाकघरातून काकीचा आवाज आला, "हं." तिला अक्षरओळख नाही. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. मी वाचते, ती आतून 'हं' म्हणते. बेरीज आता मलाच करावी लागते.

परवा वाचताना विमान आलं. मी थांबले. विमान गेलं. मी ओळ पुन्हा वाचली. आतून 'हं' आला नाही. कागद तिथेच टाकून मी धावले. काकी चुलीपाशी उभी राहून भाताची पेज काढत होती, हातात फडकं, तोंडावर वाफ.

"काऊन धावून आली वं?"

तिने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, पातेलं खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं.

"हं," ती म्हणाली. "जा, वाच."