विश्वनाथ सावेची सही

विश्वनाथ सावेला माणसांचं बोलणं कधी कधी दोनदा सांगावं लागे, गाडीचं मात्र एकदा ऐकलं की कळे. तरुणपणी त्याने डहाणूला एका इराण्याच्या ट्रकवर सात वर्षं काढली होती. कुठला आवाज दुखण्याचा आणि कुठला नुसत्या कुरकुरीचा, हे तो चिकूच्या पेट्या वाहताना शिकला. बासष्ट साली सिल्वासात एका सरकारी कचेरीत ड्रायव्हर म्हणून लागला आणि बायकोला, वासंतीला, घेऊन तिथल्याच टोकरखाड्याला दोन खोल्यांत राहू लागला. दोन वर्षं झाली तरी नोकरी कच्चीच होती. ती पक्की करणारा कागद आता कुठे साहेबांच्या टेबलापर्यंत पोचला होता.

कचेरीत एक जीप होती आणि एक काळी मोटार. जीप रोज धूळ खात हिंडे. मोटार फक्त दिल्ली-मुंबईचा कोणी बडा पाहुणा आला की निघे, तीही विश्रामगृहापासून कचेरीपर्यंत, जेमतेम मैलभर. बाकी महिनाभर शेडमध्ये उभी. पण तिचे लाड विचारू नका! हेडक्लार्क प्रभाकर आगाशे गिरगावातून आलेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी स्वतः टाइप करून शेडच्या भिंतीवर हुकूम डकवला होता. रोज संध्याकाळी गाडी धुवावी, हँडब्रेक करकचून ओढावा, सकाळी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून बंद करावं. स्वतः आगाशे कधी सायकलवरही बसलेले नव्हते.

विश्वनाथने पहिल्याच आठवड्यात सांगून पाहिलं. "भाऊसाहेब, गाडी काय देव्हाऱ्यातली मूर्ती नाय, रोज आंघोळ घालून बसवायला. ती पळली पायजे."

"सरकारी पेट्रोल फिरायला नसतं," आगाशे म्हणाले. "तू हुकूम पाळ."

त्याने पाळला. दोन वर्षं पाळला.

चौसष्टच्या पावसाळ्यानंतर एक पाहुणे मोटारीत बसले. गाडी हलली आणि मागच्या चाकांतून खट्ट झालं. मग खर्र खर्र सुरू झालं, आणि पुढे इंजिनात कोणी सुपारी कातरत बसल्यासारखी टकटक. पाहुणे हसून म्हणाले, "वाजत गाजत नेताय की आम्हाला!" आगाशांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाहेरगावचा एक मिस्त्री आणवला. त्याने गाडी दहा पावलं पुढे-मागे केली, मान हलवली आणि निदान सांगितलं की इंजिन खोलावं लागेल, ब्रेक नवे घालावे लागतील. ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून गाडी हाकतो, त्यामुळे हे झालं. संध्याकाळपर्यंत आगाशांनी कागद तयार केला: 'माझ्या हलगर्जीपणामुळे वाहन नादुरुस्त झाले.' खाली विश्वनाथच्या सहीसाठी जागा सोडली होती.

"ब्रेकवर पाय?" विश्वनाथ म्हणाला. त्याला आयुष्यात कोणी एवढी घाणेरडी शिवी दिली नव्हती. "मी घाट उतरवलेत भरल्या ट्रकचे. सही नाय करणार."

"सोमवारपर्यंत कर. नाहीतर पक्क्या नोकरीचं विसर."

घरी वासंतीने सगळं ऐकून घेतलं. ताट वाढता वाढता तिने एकच विचारलं, "तुमची चूक हाय का?"

"नाय."

"मग जेवा."

शनिवारी सकाळी शेडमध्ये जाऊन त्याने इंजिन सुरू केलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरची नळी असते, तसा हा त्याचा स्क्रू-ड्रायव्हर. टकटक वरच्या अंगाला, एकाच जागी होती. खाली, जिथे खरं दुखणं असतं, तिथे साफ. ब्रेकचं तर त्याला न पाहताच ठाऊक होतं. ओली गाडी, वर करकचून आवळलेला हँडब्रेक. आतलं लोखंड गंजून उभ्या गाडीचे ब्रेक चाकाला चिकटत होते आणि गाडी हलली की खट्टकन सुटून गंज खरवडत होते. पाच मिनिटांत इंजिनचं अंगही कोमट होत नव्हतं. आत पाणी सुटत होतं, काजळी बसत होती, एखादा व्हॉल्व चिकटत होता, तीच टकटक. गाडीला रोग नव्हताच. तिला तो भिंतीवरचा हुकूम बाधला होता!

त्याने आगाशांना हे सांगितलं आणि बारा मैलांवरच्या खानवेलपर्यंत एक फेरी मागितली.

"कारण काय लिहू लॉगबुकात?"

"गाडीचं बरं वाटणं."

"बाहेर काढलीस तर बघ."

आगाशे बघतच राहिले. विश्वनाथने मोटार काढली ती चोरून नाही. भर दहा वाजता कचेरीच्या अंगणातून, साहेबांच्या खिडकीखालून, हॉर्न वाजवत. खट्ट, खर्र, टकटक, सगळं साग्रसंगीत. साहेब व्हरांड्यात आले. आगाशे पायरीवर हात हलवत ओरडत होते.

तीन मैलांत खरखर गेली. टकटक मात्र जाईना. सहा मैल झाले, आठ झाले. विश्वनाथने काच खाली करून कान बाहेर काढला. मिस्त्रीचं खरं निघालं तर? नोकरी तर जाईलच, पण आपला कान खोटा ठरेल, आणि ते त्याला नोकरीपेक्षा जड होतं. खानवेलच्या अलीकडे चढ लागला. त्याने दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. मोटारीने मागे काळ्या धुराचा लोट सोडला, दोनदा खाकरली, आणि मग गप्प झाली. चढ संपला तरी गप्पच होती. सागाच्या झाडाखाली गाडी उभी करून त्याने पुन्हा स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावली. इंजिन सुरेख एकसारखं घुमत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

दीड तासाने मोटार अंगणात आली तेव्हा व्हरांड्यातल्या साहेबांना खडीचा आवाज तेवढा ऐकू आला. विश्वनाथने गाडी न धुता, हँडब्रेक न ओढता, गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावले. "सोमवारी तुम्हीच बसा, साहेब," तो म्हणाला.

सोमवारी साहेब बसले. मोटार मांजरीच्या पावलाने शेडबाहेर आली. उतरल्यावर साहेबांनी आगाशांकडून तो हलगर्जीपणाचा कागद मागून घेतला आणि फाडला.

पण आगाशेही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी दुसरा कागद पुढे केला: 'मी परवानगीवाचून सरकारी वाहन बाहेर नेले.' साहेबांनी वाचला आणि मान हलवली. "हे तर घडलंय, सावे. फायलीत लागेल. पक्कं व्हायला आणखी एक वर्ष."

वर्ष म्हणजे काय, ते विश्वनाथला कळत होतं. त्याने कागद दोनदा वाचला. एकही अक्षर खोटं नव्हतं. आगाशांच्याच टेबलावरचा टाक उचलून त्याने ठळक, पूर्ण नावाची सही केली.

"भाऊसाहेब," टाक परत ठेवत तो म्हणाला, "येत्या शनिवारचाही कागद आत्ताच टाइप करून ठेवा. दहा वाजता नेणार हाय."