बोर्डावरची जयंती

“काका गेले वाटतं.”

खिडकीबाहेर कोणीतरी म्हणालं. मी वाचनालयात माझ्या नेहमीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. मनात म्हटलं, हो, गेले. सकाळी सहालाच गेले. त्यांची सून त्यांना वणीला, देवीच्या गडावर घेऊन गेली आहे. कालच काकांनी मला सांगितलं होतं, “उद्या मला उशीर होईल, ही जादाची किल्ली घे, कुलूप तू उघड.”

“काल तर माझ्याकडं दळण ठेवून गेले,” दुसरा आवाज आला. तो गिरणीवाल्या मावशींचा होता. “लय हसत होते. काय झालं असंल गं एकाएकी?”

माझ्या हातातलं पेन थांबलं. गेले म्हणजे तसे गेले? घाटातली वळणं माझ्या डोळ्यांसमोर आली. मी मोबाईल घेऊन काकांना फोन लावला. लागेना. परत लावला. तरी लागेना.

आमचं वाचनालय सातपूरच्या कामगार वसाहतीत आहे. दोन खोल्या, सहा कपाटं आणि बाहेरच्या भिंतीवर एक काळा फळा. त्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहिलेला असतो. घटना, जन्म, मृत्यू असे तीन रकाने. पहिल्या पाळीला जाणारे लोक मोटरसायकल न थांबवता, फक्त हळू करून तो वाचतात. काका कंपनीत टर्नर होते. निवृत्त झाल्यापासून वाचनालय आणि तो फळा तेच सांभाळत होते. त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. वर्षातल्या प्रत्येक तारखेला एक पान. कुठे कोणत्या शास्त्रज्ञाचा जन्म, कुठे दोन देशांमधला तह, आणि खाली पेन्सिलीने त्यांच्या स्वतःच्या नोंदी. वसाहतीत नळाला पहिलं पाणी आलं. मावशींची गिरणी सुरू झाली. सातपूरची बस पहिल्यांदा आतपर्यंत आली. या नोंदी फळ्यावर कधी जात नसत.

त्यांचा एक नियम होता. जन्माचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. “नुसते मृत्यू वाचायला लावून माणसांना कामावर पाठवायचं का?” असं ते म्हणायचे. एखाद्या तारखेला कोणी सापडलं नाही, तर आदल्या संध्याकाळी चार पुस्तकं उघडून बसायचे आणि कोणाचा तरी जन्म शोधूनच उठायचे.

गेले सहा महिने मात्र फळा मी लिहीत होते. हे आम्हा दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

मी तिथे परीक्षेच्या अभ्यासाला जायचे. कोणाशी बोलायचं नाही, कोणी बोललंच तर मान हलवायची, असं माझं चाललेलं असायचं. एकदा सकाळी लवकर गेले तेव्हा काका खडू हातात धरून फळ्यासमोर उभे होते. हात थरथरत होता, आणि ‘घटना’मधला ‘घ’ चार वेळा पुसलेला दिसत होता. मी त्यांच्या हातातला खडू घेतला. नंतर एवढंच म्हणाले, “वाचनालयाच्या कमिटीला कळलं तर किल्ली मागतील गं.” त्यांच्या वहीवरून मी त्यांचं अक्षर गिरवलं. चित्रकला माझी बरी होती. पंधरा दिवसांत त्यांचा लांब शेपटीचा ‘र’ मला हुबेहूब जमायला लागला.

जमत नव्हतं ते मराठी. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. काका तोंडाने वर्ष सांगायचे आणि मी घोटाळा करायचे. एकदा त्यांनी एकोणसाठ म्हटलं आणि मी एकोणसत्तर लिहिलं. तो रकाना मृत्यूचा होता. काका फळ्याकडे बघून गालातल्या गालात हसले. “दहा वर्षं जास्त जगवलंस गं त्यांना. घरचे खूश होतील.”

आणि काका गडावर गेले त्या दिवशीच्या पानावर जन्म नव्हता. आदल्या संध्याकाळी मी ते पान उघडलं तेव्हा लक्षात आलं. रकान्यात फक्त एक आडवी रेघ होती. इतक्या वर्षांत त्या तारखेला त्यांना कोणीच सापडलं नसेल, हे मला पटेना. मग आठवलं. उद्या गडावर कशासाठी जायचं, असं मी विचारल्यावर ते ओशाळून म्हणाले होते, “काही नाही गं, माझी तारीख आहे. सुनेची हौस.” स्वतःच्या जन्माच्या जागी त्यांनी स्वतःच रेघ मारून ठेवली होती.

म्हणून सकाळी मी घटना लिहिल्या, मृत्यू लिहिले आणि मधल्या रकान्यात, त्यांच्याच अक्षरात, सगळ्यात ठळक ओळ लिहिली: ‘आपल्या वाचनालयाचे लाडके काका यांची जयंती.’

मला ते फार छान वाटलं होतं. शाळेत आम्हाला ज्यांच्या जयंतीची सुट्टी मिळायची ते सगळे मोठे लोक. त्यामुळे मी लहानपणापासून धरून चालले होते, की आपल्यासारख्यांचा वाढदिवस असतो आणि मोठ्या माणसांची जयंती.

फोन लागत नाही म्हणून मी घाबरून दारापर्यंत गेले. तोवर बाहेर सात-आठ माणसं जमली होती. रात्रपाळी करून आलेले एक दादा डबा हातात धरून फळा वाचत होते.

“घराला कुलूप आहे,” ते म्हणाले. “सगळेच गेलेत.”

“पण तुम्हाला सांगितलं कोणी?” मागून कोणीतरी विचारलं.

“हे काय, लिहिलंय की! जयंती. जिवंत माणसाची कधी जयंती असते का?”

मी दाराची चौकट धरली. म्हणजे अपघात नाही. गडावरून कोणाचा फोन नाही. यांना जे कळलंय ते माझ्याकडूनच कळलंय. आणि मग कानापासून मानेपर्यंत सगळं गरम झालं.

“अक्षर तर त्यांचंच दिसतंय,” मावशी म्हणाल्या.

“मग काय, स्वतःची जयंती स्वतः लिहून गेले?”

“काकाच ते. काम अर्धवट नाय ठेवायचे.”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. ते गडावर गेलेत, दुपारपर्यंत येतील, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की फळा कोणी लिहिला. मी आत जाऊन बसले. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. मावशी घरी जाऊन पांढरी शेवंती घेऊन आल्या आणि फुलं फळ्याखालच्या कट्ट्यावर ठेवली. गिरणी सुरू झाली त्या दिवशी काकाच पहिलं दळण घेऊन आले होते, असं त्या सांगत होत्या. दादा म्हणाले, “माझ्या मुलीचं नाव त्यांनीच सुचवलं होतं, याच फळ्यावरून.” ते सगळं ऐकताना लाज वाटत होती आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटत होतं. इतक्या वर्षांत काकांबद्दल एवढं कोणी मोठ्याने बोललं नसेल.

अकराच्या सुमारास रिक्षा थांबली. कपाळावर कुंकू, हातात प्रसादाची पिशवी, असे काका उतरले.

“अगं आई!” मावशी दोन पावलं मागे सरकल्या. “काका, तुम्ही हायेत?”

“म्हणजे काय? अजून तरी आहे.”

त्यांनी फुलं बघितली, चष्मा वर सरकवला आणि फळा वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी थेट माझ्या खिडकीकडे बघितलं. नजरेत राग नव्हता. एकोणसत्तरच्या वेळी हसले होते, तसंच काहीसं तोंडाच्या कोपऱ्यात होतं. मग ते लोकांकडे वळले.

“माझंच चुकलं,” ते म्हणाले. “गडबडीत लिहून गेलो. भलताच शब्द पडला.”

सगळे हसायला लागले. दादांनी तर त्यांच्या पाया पडून घेतलं. तेवढ्यात कमिटीचे सेक्रेटरी आले. तेही हसले, पण नंतर काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “काका, स्वतःची जयंती म्हणजे जरा जास्तच झालं हो. आता वय झालं. किल्ली द्या माझ्याकडे, आराम करा. दिनविशेष काय, आजकाल सगळ्यांच्या मोबाईलवर येतो. फळा बंदच करू.”

काकांनी उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला. तो का घातला हे तिथे फक्त मला माहीत होतं. मावशी शेवंती गोळा करायला लागल्या, कोणी प्रसाद वाटत होतं, आणि काका खिशातून बहुतेक किल्लीच काढत होते.

मी उठले. दारापर्यंत आले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण त्यांनी माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

“फळा मी लिहिते,” मी म्हणाले. “सहा महिने झाले. काका शोधतात, सांगतात, त्यांना सगळं पाठ आहे. मी फक्त लिहिते. त्यांची काही चूक नाही. जयंती कोणाची असते ते मला माहीत नव्हतं. किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या. आणि आज त्यांचा वाढदिवस आहे.”